हात गार पडेना

अकरावी-बारावीच्या पोरांना उष्णतेचे नियम शिकवण्यात माझी उभी हयात गेली. पहिल्या नियमाला मी फ्रिजचं उदाहरण द्यायचो. खोली थंड करायला फ्रिज उघडा ठेवाल तर खोली उलट तापेल. कारण उष्णता नाहीशी होत नाही, फ्रिज ती पुढून घेतो आणि स्वतःच्या मोटरची भर घालून मागून ओततो. दुसरा नियम त्याहून सोपा. उष्णता आपणहून जास्त गरम वस्तूकडून कमी गरम वस्तूकडे जाते, उलट कधीच नाही. पोरं म्हणायची, सर, नागपुरात मे महिन्यात चहासुद्धा थंड होत नाही. मी हसायचो. आता तो धडा उघडवत नाही.

गेल्या उन्हाळ्यात दवाखान्याने बायकोला घरी न्यायला सांगितलं. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी कूलरला खसच्या नव्या ताट्या लावल्या आणि दिवसभर टाकीत पाणी ओतत राहिलो. कूलर चालू असला की ती झोपायची, बंद पडला की तिला धाप लागायची. तो फिरत राहावा, एवढंच मागणं उरलं होतं.

त्या दिवशी सकाळीच गल्लीतली विजेची डीपी जळाली आणि वीज गेली. तिकडे मौद्याच्या वीजकेंद्रात रात्रंदिवस कोळसा जळतो आणि माझ्या घरात एक पंखा फिरेना. असा संताप आला की काय सांगू. ओल्या चादरी टांगल्या, त्या बघता बघता वाळल्या. काटोलहून आलेली मेहुणी बहिणीचं कपाळ पुसत होती. दुपारी बायकोने डोळे उघडले आणि फ्रिजचं दार तरी उघडा, म्हणाली. वीजच नव्हती, मग फ्रिज खोली तापवणार कसा? मी दार उघडलं. आत होता नव्हता तो गारवा लगेच संपला, आणि थोड्या वेळाने तीही गेली.

शेजारच्या डॉक्टरांनी तपासून मान हलवली. मेहुणीने मात्र बहिणीचा हात सोडला नाही. बऱ्याच वेळाने ती माझ्याकडे वळली.

"भाऊजी, हात त गरम हाये तिचा. गेलेल्या माणसाचा हात असा राहते का? डॉक्टर काहीही सांगून राहिले. तुम्ही पाहा ना."

मी हात हातात घेतला. खरंच गरम होता. खोली अंगाहून जास्त तापलेली, मग अंगातली उष्णता जाणार कुठे? हे सगळं ठाऊक असूनही क्षणभर मला वेडी आशा वाटली. मग कसंबसं म्हणालो, "खोलीच जास्त गरम हाये. म्हणून."

तिला ते पटलं नाही. ती तळपाय चोळत बसली.

दिवस कलताना वीज आली. कूलर घरघरला, ओल्या खसचा वास पसरला. सकाळपासून जिची वाट पाहिली ती झुळूक बायकोच्या अंगावर आली, आणि माझ्या हातातला हात हळूहळू गार पडू लागला. मी उठून कूलर बंद केला.