कावळ्याने निवडलेला गेम झोन

आमचं हॉटेल बंद झालं तेव्हा ओळखीच्या प्रत्येकाला एकच प्रश्न पडला होता, आता त्या जागी काय येणार? का बंद झालं, असं कुणी विचारलं नाही. माणूस गेल्यावर त्याच्या खोलीत कोण राहणार हे विचारावं, तसं लोक विचारत होते. तेव्हा अजून माझ्या घरातलं माणूस जायचं होतं.

हडपसरच्या पुढे आज जिथे मल्टिप्लेक्स, बोलिंग, ट्रॅम्पोलिन आणि चार मजले दुकानं उभी आहेत, तिथे माझ्या सासऱ्यांचा ऊस होता. जमीन बिल्डरला दिली तेव्हा तिसऱ्या मजल्यावरचा एक मोठा गाळा घराला मिळाला. तो सासूबाईंच्या नावावर आहे. त्यात हॉटेल काढायचं हे थोरल्या दिरांनी, म्हणजे दादांनी, ठरवलं, कारण आमच्या घरात काय करायचं हे तेच ठरवतात. ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, हॉटेलातलं ओ की ठो कळत नव्हतं. ह्यांना आवड पाण्याच्या मोटारी आणि पंप खोलून पुन्हा जोडायची. स्वारगेटजवळ एक लहानसं दुरुस्तीचं दुकान घ्यावं, असं त्यांच्या मनात होतं. पण दादा हॉटेल म्हणाले आणि हे हो म्हणाले.

मी मार्केट यार्डातल्या कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर वाढलेली मुलगी. गिऱ्हाईक कशाला म्हणतात हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत आहे. मी तेव्हाच म्हटलं होतं की सिनेमाला आलेला माणूस मध्यंतरात पॉपकॉर्न खातो आणि सुटल्यावर घरी जातो, तो पनीर टिक्का खायला थांबत नाही. ते कुणाच्या कानात शिरलं नाही. रविवारी संध्याकाळी टेबलं भरायची आणि मंगळवारी वेटर एकमेकांना पाणी द्यायचे. काही वर्षं ओढलं. मग शटर खाली आलं.

मॉलवाल्यांनी शटरवर लगेच एक भलंमोठं फ्लेक्स चिकटवलं. त्यात दात दाखवणारं एक कुटुंब आणि खाली, ‘काहीतरी भन्नाट येतंय!’ त्याच्या समोरच्या बाकावर हे दिवसभर बसून राहायचे. काम काही नव्हतं, पण घरात बसवत नव्हतं. येणारेजाणारे विचारायचे, काय येतंय इथं? हे म्हणायचे, बघू. मला त्यांची कीव यायची आणि त्या फ्लेक्सवरच्या कुटुंबाला फाडून टाकावंसं वाटायचं.

सल्ले फुकट असतात, त्यामुळे ते भरपूर मिळाले. कुणी म्हणालं दातांचा दवाखाना, कुणी म्हणालं पब. आमच्या सोसायटीतला एक आयटीवाला मुलगा लिफ्टमध्ये म्हणाला, “काकू, तिथे ना एक प्रॉपर बोर्ड गेम कॅफे टाका. मस्त क्राउड येईल.”

“क्राउड येईल रे,” मी म्हटलं, “गिऱ्हाईक येईल का, ते सांग.”

दादांना मात्र गेम झोन हवा होता. मोटारीच्या सीटवर बसून पडद्यावर गाडी चालवायची, बंदुकीने राक्षस मारायचे, असली यंत्रं. एक कंपनी भाड्याने जागा घ्यायला तयार होती. दादांच्या दोन्ही मुलांना ती कल्पना फार आवडली होती.

मला काय हवं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. आमच्या स्वयंपाकघराचं मागचं दार आगीच्या वेळी उतरायच्या जिन्यात उघडायचं. त्या जिन्यात मॉलची माणसं जेवायची. सिक्युरिटीवाले, बाथरूम धुणाऱ्या बायका, तिकिटं फाडणाऱ्या मुली, कपड्यांच्या दुकानातली पोरं. फूड कोर्टात घरचा डबा उघडायला बंदी, म्हणून ही सगळी पायऱ्यांवर बसून, मांडीवर डबा घेऊन गार पोळी चावायची. त्यातले निम्मे यवतमाळ, वाशीमकडून आलेले. एका खोलीत सहा-सात जण राहणाऱ्यांना डबा कोण करून देणार? ते वडापाववर दिवस काढायचे. हॉटेल चालू होतं तेव्हा मी त्या दारातून आमटीचं पातेलं बाहेर द्यायचे. पुढे पंजाबी भाज्या उरायच्या आणि मागे माझी आमटी पुरायची नाही.

तिथे खानावळ काढायची, एवढंच माझं म्हणणं होतं. भाकरी, एक पालेभाजी, एक उसळ, आमटी-भात. शनिवार-रविवारच्या पाहुण्यांवर अवलंबून राहायचं नाही. ज्यांना रोज भूक लागते आणि जे रोज तिथेच असतात, त्यांना वाढायचं.

हे ह्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. कितीतरी महिन्यांनी त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. “तू चालवशील,” ते म्हणाले. “चांगलं चालवशील. पीठ दळायचं यंत्र मी बसवून देतो.” मग म्हणाले, “दादाला मी सांगतो.”

सासूबाईंना मीच विचारलं. त्या म्हणाल्या, “दोघं मिळून करताय तर करा बाई. घरात बसून वाळत चाललाय तो. पर थोरल्याला इचारल्याबिगर नको.” म्हणजे सगळं अडलं होतं ते ह्यांनी दादांना सांगायच्या त्या एका वाक्यावर. मी रोज संध्याकाळी विचारायचे, सांगितलं का दादांना? हे म्हणायचे, उद्या सांगतो. आज त्यांचा मूड नव्हता, आज पाहुणे होते, आज ते बाहेरगावी गेलेत. सख्ख्या भावाशी बोलायला कुणी मुहूर्त काढतं का? पण मी गप्प बसले. इतकी वर्षं बसले होते, अजून थोडे दिवस म्हटलं.

एका सकाळी दाढी करताना हे बाथरूमच्या दारात खाली बसले आणि उठलेच नाहीत. अर्ध्या गालाला साबण तसाच होता. तो मी पुसला. पुढचं मला नीटसं आठवत नाही.

दहावा मात्र आठवतो. आमच्याकडे दशक्रिया म्हणजे समारंभच असतो. घाटावर मांडव, महाराजांचं प्रवचन, मग माइकवर श्रद्धांजलीची भाषणं. निवडणुकीला इच्छुक असलेल्या एकाने ह्यांना ‘हॉटेल उद्योगातला ध्रुवतारा’ म्हटलं. ह्यांनी ते ऐकलं असतं तर लाजेने मान खाली घातली असती. भाषणं संपली आणि भाताचा पिंड केळीच्या पानावर कट्ट्यावर ठेवला. सगळे मागे सरून कावळ्याची वाट बघत उभे राहिले.

कावळा लगेच शिवला तर गेलेल्याचं मन कशात अडकलेलं नाही. नाही शिवला तर त्याची काय इच्छा राहिली हे घरच्यांनी ओळखायचं आणि हात जोडून, मोठ्याने, ती पुरी करायचं वचन द्यायचं. चार लोकांसमोर दिलेलं वचन मग मोडता येत नाही. मी बी.कॉम. झालेली बाई आहे. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, असं मी त्या दिवसापर्यंत समजत होते.

कावळा येईना. पत्र्याच्या शेडवर पाच-सहा बसले होते, पण आमच्याकडे बघतही नव्हते. दादा पुढे झाले. ते खरोखर रडत होते, त्यात खोटं काही नव्हतं. “पोरीचं शिक्षण, लग्न, सगळं माझ्याकडं,” ते म्हणाले. कावळा हलला नाही. “आईला मी सांभाळतो.” नाही. “तुझं हॉटेल पुन्हा उभं करतो.” तरी नाही. मामेसासरे म्हणाले, तंबाखू ठेवून बघा. तंबाखू ठेवली. शेजारच्या कट्ट्यावर दुसऱ्या कुणाचा तरी दहावा होता, तिथे पिंड ठेवल्या ठेवल्या दोन कावळे उतरले आणि ते लोक सुटकेने घरी निघाले. आम्ही उन्हात उभेच.

कुणीतरी म्हणालं, वहिनींना बोलू द्या. मला पुढे ढकललं. सासूबाई माझ्या दंडाला धरून उभ्या होत्या. मला इतकी खात्री होती की मी डोळेसुद्धा मिटले नाहीत. ह्यांची इच्छा माझ्याइतकी कुणालाच ठाऊक नव्हती. मी म्हटलं, “तुम्ही काळजी करू नका. खानावळ मी चालवते.” शेजारी उभ्या सासूबाईंनी ते ऐकलं.

शेडवरचा एक कावळा उडाला, आमच्या पानावर घिरटी घातली आणि शेजारच्या पिंडावर जाऊन बसला.

मी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा मनात म्हटलं. कावळा शेजारचाच भात खात राहिला. सासूबाईंचा हात माझ्या दंडावरून सुटला. गुरुजी घड्याळ बघत म्हणाले, उशीर होतोय, दर्भाचा कावळा करून उरकून घेऊ. तेवढ्यात दादा हात जोडून म्हणाले, “गाळ्याची काळजी करू नको. पोरांसाठी तिथं गेम झोन करतो. तुझं नाव देतो त्याला.”

आणि कावळा आला. सरळ आमच्या पानावर उतरला आणि पिंडात चोच घातली.

शेजारचा भात संपला होता. ते मी त्याच क्षणी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला, असं आपण उठता-बसता म्हणतो. पण तिथे जमलेल्या माणसांत ती म्हण एकालाही आठवली नाही. बायका डोळे पुसत होत्या. सासूबाई म्हणाल्या, “त्याचं मन तिथंच होतं. लेकराला बोलता आलं न्हाई.” गाळ्याचा निकाल लागला होता.

मी भांडले असते तर सासूबाई कदाचित वळल्या असत्या. सगळ्यांना वाटतं मी दुःखात होते म्हणून गप्प राहिले. तसं नव्हतं. मी अपमानाने गप्प राहिले. मी बोलले तेव्हा हे आले नाहीत आणि दादा बोलले तेव्हा आले, हे माझ्या डोक्यातून जाईना. कदाचित माझी खानावळ त्यांना आवडलीच नसेल. चहाचा कप खाली ठेवून जे बोलले, ते माझं मन राखायला बोलले असतील. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना हाच विचार. नवरा गेल्याच्या दुःखापेक्षा हे दुःख मोठं होतं, आणि ते कुणाला सांगण्यासारखंही नव्हतं.

गेम झोन उघडला. पाटीवर ह्यांचं नाव आहे, चारी बाजूंनी दिवे लुकलुकतात. आतून दिवसभर गोळीबाराचे आवाज येतात. आमच्या मागच्या दाराला भिंत घातली.

मग मी घरी डबे करायला घेतले. मुलगी कॉलेजला जाताना मला मॉलपाशी सोडायची आणि मी जिन्यातल्या माणसांना डबे द्यायचे. जेमतेम दोन आठवडे चाललं. फूड कोर्टातल्या कुणीतरी तक्रार केली. एक दिवस दारावरच्या गार्डने माझी पिशवी धरली. यवतमाळकडचा मुलगा, रोज माझी आमटी वाटीवाटीने पिणारा.

“काकू, मले वरून सांगतलं हाये,” तो म्हणाला. “बाहेरचं जेवण अंदर सोडू नको म्हणे. तुमच्या हातचं खाल्लं हाये मी. पण नोकरी हाये.”

तो खाली बघत होता. मी त्याला म्हटलं, राहू दे बाळा, तुझं काही चुकत नाही. आणि पिशवी घेऊन परत फिरले. मुलगी अजून रस्त्यावरच होती, हेल्मेटचा पट्टा लावत. तिने भरलेली पिशवी पाहिली आणि तिचा संताप झाला.

“तू आजीशी भांडली का नाहीस?” ती म्हणाली. “तेव्हाच का नाही भांडलीस? सगळी माणसं काय म्हणतील म्हणून?”

तेव्हा मी तिला पहिल्यांदा खरं सांगितलं. भर रस्त्यात, बसचे हॉर्न वाजत असताना. म्हटलं, मी बोलले तेव्हा कावळा शिवला नाही. मोठे पप्पा बोलले तेव्हा शिवला. तुझ्या पप्पांना खानावळ नको होती गं.

मला वाटलं ती हसेल. शिकलेली मुलगी, कावळ्याचं काय ऐकणार. ती हसली नाही. हेल्मेट काढून तिने माझ्याकडे बघितलं आणि अगदी सावकाश म्हणाली, “आई, पप्पांनी जिवंतपणी एकदा तरी मोठ्या पप्पांसमोर तुझी बाजू घेतली होती का?”

मी आठवून पाहिलं. खरंच आठवून पाहिलं, लग्नापासूनचं सगळं.

“मग मेल्यावर कशी घेतील?” ती म्हणाली.

मी तिच्यामागे स्कूटरवर बसले. मांडीवरची पिशवी अजून गरम होती. इतके महिने मी समजत होते की माझी खानावळ ह्यांना नको होती. हवी होती. दादांना सांगायचं तेवढं राहून गेलं होतं, आणि ते मेल्यावरही राहूनच गेलं.