भावाच्या शर्यती मी चित्रांत पाहिल्या

माझा धाकटा भाऊ जॉकी. गेल्या सप्टेंबरपर्यंत मी त्याची एकही शर्यत प्रत्यक्ष पाहिली नव्हती. टीव्हीवरसुद्धा नाही. शर्यतीच्या दिवशी मी मुद्दाम मसाले भाजायला काढायचे, नाहीतर पडदे धुवायचे. संध्याकाळी त्याचा आवाज ऐकला की मगच घास खाली उतरायचा.

चित्रं मात्र त्याची पुष्कळ काढली. नाशिकच्या एका शाळेत मी चित्रकला शिकवत होते. तो जिंकला की दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो यायचा. तो फोटो समोर टाचून मी रंग कालवायला बसायचे. झालेल्या शर्यतीचं चित्र काढताना धडकी भरत नाही. घोडा पोचलेला असतो आणि भाऊ त्याच्या पाठीवर असतो, हे आधीच ठाऊक असतं.

पंचवटीत आमच्या वडिलांचं वह्या-पुस्तकांचं दुकान होतं आणि समोर टांगे उभे राहायचे. भाऊ त्या घोड्यांच्या पायांतच वाढला. एकदा त्र्यंबकेश्वरला पूजेसाठी आलेले पुण्याचे शर्यतीच्या घोड्यांचे एक ट्रेनर दुकानापाशी थांबले होते. बिथरलेल्या एका घोडीच्या मानेवर हात ठेवून भाऊ तिला शांत करत होता. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि वडिलांना विचारलं, "याचं वजन किती?" नाव नाही, इयत्ता नाही, एकदम वजन. जॉकी हलका लागतो, हे आम्हाला तेव्हा कुठे ठाऊक. आई आतून बाहेर आली ती घाबरूनच. त्या प्रश्नात काहीतरी वाईट आहे असं तिला तेव्हाच वाटलं होतं.

त्या ट्रेनरांनी त्याला पुण्याला शिकायला नेलं. पुढे तो मोठा झाला, म्हणजे उंचीनं नाही. मानाच्या शर्यती जिंकल्या. मालकांनी घोड्याचा लगाम धरून त्याला मिरवलं. परदेशातून बोलावणी आली. इथले रिक्षावाले मला "जॉकीची बहीण" म्हणायला लागले.

मागच्या वर्षी नाशिकच्या एका कलादालनानं त्याच्या कारकिर्दीचं प्रदर्शन ठरवलं. माझी चित्रं आणि पुण्याच्या एका फोटोग्राफरचे फोटो. हे गृहस्थ भावाच्या पहिल्या शर्यतीपासून रेलिंगपाशी कॅमेरा घेऊन उभे राहिलेले. आता केस पांढरे, गुडघे दुखरे. ते गाडीत फोटोंचा गठ्ठा घालून आले आणि आम्ही माझ्या हॉलमधल्या फरशीवर सगळे फोटो मांडले.

बरेचसे माझ्या ओळखीचे होते, पण काहीतरी वेगळं दिसत होतं. पेपरात छापलेल्यापेक्षा हे रुंद होते. प्रत्येकात घोड्यांच्या मागे, कोपऱ्यात, एक पांढरी गाडी होती.

"ही कसली गाडी?" मी विचारलं.

"अँब्युलन्स. घोड्यांच्या मागे आतल्या रस्त्यानं पळते. छापताना तेवढं कापतात, ताई."

"प्रत्येक शर्यतीत?"

"प्रत्येक शर्यतीत."

मी पुन्हा एकेक फोटो पाहत गेले. तो हसत होता, हात उंचावत होता, घोड्याच्या मानेवर थोपटत होता, आणि मागे ती होतीच. इतकी वर्षं मी रंगवत आले ते सगळं कापलेलं होतं.

गठ्ठ्याच्या तळाशी एक फोटो उलटा ठेवलेला होता. मी हात घालताच ते म्हणाले, "तो राहू द्या." पण तोवर मी तो उलटला होता.

घोड्याचे पुढचे पाय दुमडलेले. भाऊ त्याच्या मानेखाली, तोंड चिखलात. आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या घोड्याचा खूर त्याच्या हेल्मेटच्या अगदी वर, हवेत.

काही वर्षांपूर्वी त्यानं आम्हाला फोनवर सांगितलं होतं, "घोडा जरा घसरला, खांदा दुखावलाय." आई आणि मी एवढ्यावर निर्धास्त झालो होतो.

मी तिथूनच त्याला फोन लावला. रडत होते की ओरडत होते, आठवत नाही. तो शांतपणे म्हणाला, "प्रदर्शनात तो फोटो लाव."

"मुळीच नाही. आई येणार आहे बघायला."

"मग बाकीचेही लावू नकोस. आणि ताई, या रविवारी मी पुण्यात धावतोय. एकदा तरी ये."

मी गेले. फोटोग्राफरच मला न्यायला आले. सिन्नरपर्यंत मी बोलले, पुढे मैलाचे दगड मोजत बसले.

रेसकोर्सवर रात्रीच्या पावसानं गवत ओलं होतं. शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या पॅडॉकमध्ये भाऊ दिसला. पिवळा सदरा, हिरवी टोपी, कंबर मुलीसारखी बारीक. त्यानं माझ्याकडे पाहिलं, पण तो हसला नाही. ट्रेनरनं पायाला आधार दिला आणि तो वर चढला. एवढ्या जवळून मी तो घोडा पाहिला आणि वाटलं, याला कोण थांबवणार?

फोटोग्राफर वळणापाशी गेले. मी लोकांमध्ये रेलिंग धरून उभी राहिले. शर्यत सुटली ती मैदानाच्या पलीकडे. तिकडून काहीच ऐकू येत नव्हतं, फक्त रंगांचा एक पुंजका सरकत होता. मग वळण आलं, टापांचा आवाज आधी पायांना जाणवला, आणि त्या पुंजक्यातून एक पिवळा ठिपका खाली गेला.

गर्दीतून एकच "आ" निघाला. बाकीचे घोडे तसेच पुढे आले. अँब्युलन्स थांबली.

एकाच मालकाचे दोन घोडे होते, म्हणून पिवळे सदरे दोन; फरक फक्त टोपीचा. हे मला आता माहीत आहे. त्या क्षणी मला भावाच्या टोपीचा रंगच आठवेना. निळी? हिरवी? जन्मभर रंगांशी खेळलेली मी, मला एक रंग आठवेना. मी रेलिंगच्या कडेनं धावत सुटले. पर्समध्ये फोन वाजत होता म्हणे, फोटोग्राफर करत होते. मला काही ऐकू आलं नाही. फोटोतला तो खूर तेवढा दिसत होता, आणि आता तो खाली टेकणार होता.

कुणीतरी माझ्यापुढे घोडा थांबवला. वरचा चेहरा चिखलानं माखलेला.

"ताई! ताई, मी आहे."

मी हात पुढे केला, तसा तो घाईनं म्हणाला, "हात लावू नकोस. आधी वजन करायचं असतं, तोवर कुणाला शिवता येत नाही." आणि खोगीर काढायला तो खाली उतरला. त्याच्या बोटांना पट्ट्याचं बक्कल सुटेना. शेवटी ते सुटलं, तो खोगीर घेऊन वजनाच्या खोलीत गेला आणि मी बाहेर भिंतीला टेकून उभी राहिले.

पडलेला जॉकी भावाहून पुष्कळ तरुण होता. खांद्याजवळचं हाड मोडलं, पण तो वाचला. हे कळल्यावर भाऊ माझ्याजवळ येऊन बसला.

"तुला भीती वाटते?" मी विचारलं.

"मी पडलो तेव्हापासून रोज. शर्यत सुटायच्या गेटमध्ये शिरलं की जास्तच. घोड्याला ते लगेच कळतं. म्हणून मी त्याच्याशी काहीबाही बोलत राहतो."

"काय बोलतोस?"

"घरात काल काय भाजी होती, तू कुठलं चित्र काढतेयस, असलंच."

"मग सोड ना हे."

"सोडणार आहे. पण जिंकतानाचेच फोटो मागे ठेवून जायचं, हे पटत नाही मला. म्हणून म्हणतो, तो लाव."

आम्ही लावला. सगळे फोटो न कापता लावले. उद्घाटनाच्या दिवशी मी आईचा हात सोडला नाही. तिचं वय, तिचं हृदय, सारखं तेच मनात. पाहुण्यांत आलेल्या आमच्या डॉक्टरांची गाडी कुठे लागली आहे तेही पाहून ठेवलं होतं. ती एकेक भिंत पाहत त्या फोटोपाशी आली आणि थांबली. चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. भाऊ तिच्या मागे उभा होता.

"मला खांदा म्हणाला होतास," ती त्याच्याकडे न वळता म्हणाली.

तो एक पाऊल पुढे आला.

तिनं विचारलं, "आणि घोडा? त्याचं काय झालं?"

इतक्या वर्षांत कुणीच हे विचारलं नसावं. तो काही बोलायला गेला आणि त्याचा चेहरा वाकडा झाला. भरल्या दालनात, लोक मोबाईल रोखून असताना, तो रडायला लागला. "पाय मोडला होता गं. तिथंच सुई देऊन संपवलं त्याला... मला उठून त्याच्याजवळ जाताही आलं नाही." आईनं त्याला जवळ ओढलं. तिच्यापेक्षा तो फार उंच नाही, त्यामुळे त्याचं डोकं नीट तिच्या खांद्यावर बसलं.

तो हिवाळा त्यानं मुंबईत काढला. प्रत्येक शर्यतीला आई आणि मी टीव्हीसमोर बसायचो, एकमेकींचे हात धरून. ती डोळे मिटायची नाही, मी मिटायचे. शेवटची शर्यत तो हरला, सगळ्यांच्या मागून आला, आणि आईनं देवापुढे साखर ठेवली.

आता तो पुण्यात नव्या जॉकींना शिकवतो. मागच्या आठवड्यात त्यांतल्या एकाचा पहिल्या शर्यतीतला फोटो त्यानं मला पाठवला, रंगवशील का म्हणून. कोवळा चेहरा, मोठी टोपी, मागे कोपऱ्यात ती पांढरी गाडी. मी कागद ताणून बसवला आहे. ब्रश अजून उचलवत नाही.