चाकणचे बंदरवाले मामा

गेला शनिवार, दुपार. चाकणच्या आमच्या कारखान्यातल्या डिस्पॅच शेडमध्ये हजर: माल रवाना करणारी मी, फोर्कलिफ्टवाले रफीकभाई, ट्रेलरचा ड्रायव्हर आणि बंदरवाले मामा. अख्ख्या चाकणात समुद्रावर कुणी हक्क सांगत असेल, तर ते हे मामा.

मामा आमच्याकडे कंटेनर भरून घेतात. मूळचे उरणकडचे. घरचं मिठागर न्हावाशेव्याच्या बंदरात गेलं, तेव्हा इकडे थेरगावला आले आणि तिकडे पुन्हा फिरकले नाहीत. बंदराचा कारभार मात्र इथूनच बघतात. तिकडून आलेल्या प्रत्येक ड्रायव्हरला चहा पाजून उलटतपासणी घेतात: नव्या क्रेन कुठे उभ्या राहिल्या, धक्का कुठवर आला, बोट केवढी लागली होती? मग शेडच्या फरशीवर खडूने नकाशा. आधी तो टेबलाएवढा होता. बंदराला एकेक टर्मिनल जोडलं गेलं, तसा फोर्कलिफ्टच्या वाटेपर्यंत पसरला. "मामा, तुमच्या बंदरावरून गाडी घालू का?" रफीकभाई विचारतात. "घाल की, आधी माझ्या बापाला विचार!" रफीकभाई निमूट वळसा घेतात. आमचे गिअर जर्मनीला जावोत की ब्राझीलला, मामांच्या लेखी ते 'आमच्या दारातून' जातात, आणि दारातून वाकडी पेटी गेलेली त्यांना खपत नाही. एकदा एवढ्यासाठी त्यांनी भरलेला कंटेनर रिकामा करायला लावला. साहेबांची बोलणी मी खाल्ली. पण माल ठेचला गेल्याची तक्रार आमच्याकडे येत नाही, हेही खरं.

तर शनिवारी सील ठोकण्याआधी मी नेहमीप्रमाणे आत नजर टाकली. ओल शोषणाऱ्या पिशव्यांच्या रांगेत एक कापडी पुरचुंडी लटकत होती. सोडून बघितली, तर मीठ! पॉलिश केलेल्या गिअरांच्या डोक्यावर मीठ! वाटेत पाझरलं असतं, तर सगळा माल गंजून परत आला असता.

"मामा, हे काय?"

"आमच्या मिठागराचं हाय. शेवटच्या वर्षाचं."

"गिअर गंजतात हे मी तुम्हाला सांगायचं?"

"दोन प्लास्टिकांत बांधलंय की, ताई." मग नकाशाकडे बघत म्हणाले, "पुढच्या महिन्यात रिटायर होतोय. मी नाय, निदान मीठ तरी घरी जाईल म्हटलं."

रफीकभाईंनी इंजिन बंद केलं. पण बंदराचं गेट ठरल्या वेळेला बंद होतं, आमच्यासाठी थांबत नाही. मी पुरचुंडी काढून घेतली, सील ठोकलं, ट्रेलर रवाना केला. मग मामांकडे वळले.

"मीठ कंटेनरमधून जाणार नाही. तुमच्या हाताने जाईल. मी बंदराचा पास काढते, माझ्या गाडीत बसा."

मामा खुलले. "कसला पास?"

"पाहुण्यांना देतात तो."

मामांनी खडू खिशात टाकला. "पाहुणा? मी? नाय ताई. आमच्याच घरात मी पाहुणा म्हणून नाय यायचा."

सोमवारपासून मी बंदराच्या ऑफिसांत फोन लावते आहे. ड्रायव्हरचा पास मिळतो, कामगाराचा मिळतो, पाहुण्याचा तर लगेच मिळतो. घरच्या माणसाचा कुठे मिळतो, हे अजून एकालाही सांगता आलेलं नाही. मामा रिटायर व्हायच्या आत तो काढायचाच आहे. उद्या पुन्हा फोन लावायचा.