चिखलात धरणारा नांगर

कर्जतला उतरले तेव्हा ऊन चढलं होतं. साताऱ्याहून मी एका नांगरासाठी आले होते. शेताच्या नव्हे, होडीच्या.

भिसेगावात माझा थोरला भाऊ राहतो. निवृत्तीनंतर दादाने कळंबच्या बाजूला एका लहान धरणावर होडी ठेवली. एकट्याने जायचं, गळ टाकून दुपारपर्यंत बसायचं, एवढंच त्याचं सुख. अर्धांगवायूने उजवा हात अधू झाला तरी तो जात राहिला. पण परवा त्याचा हलका, आकड्यांचा नांगर गाळातून घसरला आणि वाऱ्याने होडी सांडव्याकडे, धरणाचं जादा पाणी बाहेर पडतं तिकडे, ढकलली. जाळी टाकणाऱ्या वाडीवरच्या माणसांनी त्याला ओढून काढलं. वहिनीने निक्षून सांगितलं, भरवशाचा नांगर येईपर्यंत होडीत पाय ठेवायचा नाही.

दादाला घेऊन रिक्षाने हायवेवरची कुंभिवली गाठली. अवजारांच्या दुकानात नांगर मागितल्यावर दुकानदाराने ट्रॅक्टरमागचा दाखवला. होडीचा म्हटल्यावर म्हणाला, “हितं कुठली होडी, ताई? अलिबागला जावा.”

हायवेलगतच्या वेल्डिंगच्या गाळ्यात मात्र एका रिसॉर्टने करायला सांगून न नेलेला होडीचा नांगर पडून होता. रुंद पात्यांचा, जड, पुढे साखळी. शेजारी एक हलकाही होता. दादाने डाव्या हाताने हलका सहज उचलला. जड जेमतेम हलला.

वेल्डर म्हणाला, “हलका चिखलात धरनार नाय, काका. आनि ह्यो तुमाला निघायचा नाय.”

दादाने जडच घेतला. वाटेत वडापाव घेतले. त्याने अर्धा तसाच ठेवला.

धरणावर मीही होडीत बसले. नांगर त्याने होडीच्या काठावरून पाण्यात ढकलला, दोर भरपूर सोडला. वारा सुटला होता, तरी होडी जागची हलली नाही. मला केवढा आनंद झाला.

मग तो दोर ओढू लागला. एका हाताने ओढायचा, दातांत धरायचा, पुन्हा ओढायचा. साखळी दिसायच्या आतच दोर सुटून परत खाली गेला. पुन्हा तेच. मी पुढे झाले, तर त्याने मानेनेच नको म्हटलं. शेवटी धाप लागून तो फळीवर बसला, आणि नांगर मी वर काढला.

होडी काठाला लागली. उतरताना दादा म्हणाला, “सुमे, होडी विकून टाका गं.”

दुसऱ्याच दिवशी मी परत निघाले. निरोप द्यायला वहिनी एकटीच दारात आली. गाडीत राहून राहून वाटत होतं, हाही नांगर घसरला असता तर आम्ही अजून दुसरा शोधत राहिलो असतो, आणि दादाची होडीही राहिली असती.