दोन चिपचं कार्ड आणि अक्काचं खळं

गेल्या रविवारी दुपारी अक्काला घेरी आली... भोरमध्ये, आमच्या बाहेरच्या खोलीत, खुर्चीत बसल्या जागी. ती तेव्हा हिर्डोशीच्या वाटेनं चालत होती.

सांगतो. अक्का माझी थोरली बहीण, हिर्डोशीला दिलेली. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून ती आमच्याकडे राहते, आणि डॉक्टरांनी चढउतार साफ बंद केलाय. तिचं घर नि मळणीचं खळं एसटीच्या फाट्यापासून वर, पायवाटेनं. "एकदा खळं बगून आले असते," एवढंच ती अधूनमधून म्हणते.

माझी नात रेवा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, गेम बनवायला शिकते. अक्काचं ते वाक्य तिनं मनावर घेतलं. हिर्डोशीला जाऊन मोबाईलवर ढीगभर फोटो काढून आणले आणि सुट्टीत त्यांचा गेम केला. बटण दाबलं की पडद्यावरची एक बाई फाट्यापासून चालायला लागते... ओढा, भाताची खाचरं, नाचणीचा उतार, सगळं जिथल्या तिथं.

पण घरच्या कॉम्प्युटरला हे झेपेना. म्हणून रेवानं मित्राकडून एक जुनं ग्राफिक्स कार्ड आणलं. विटेसारखं जड, पंखा गिरणीसारखा घुमणारा, आणि एकाच कार्डावर दोन प्रोसेसर! मी खूश. म्हटलं, दोन बैल जुंपले, आता काम दुप्पट.

"तसं नसतं, आजोबा. काही गेम जवळजवळ दुप्पट पळतात, काही जेमतेम दीडपट. नव्या गेमना तर दुसरी चिप दिसतच नाही, ती नुसती बसून राहते. म्हणून तर आता गेमसाठी असली कार्डं कुणी बनवत नाही."

मेमरीचीही बेरीज होत नाही म्हणे. दोन्ही चिपना सगळं चित्र आपापल्याजवळ ठेवावं लागतं... जसं वर्गात प्रत्येकाजवळ स्वतःचं पुस्तक. आणि काम आळीपाळीनं, एक चित्र हिचं, पुढचं तिचं.

हे ऐकलं आणि मी गेलोच शाळेत! आमचे गुरुजी कविता अशीच म्हणून घ्यायचे. एक ओळ खिडकीकडच्या रांगेची, पुढची भिंतीकडच्या रांगेची. कौलांतून उन्हाचे कवडसे पडलेले, आणि ओळी इकडून तिकडे झुलतायत... रेवानं दोनदा हाक मारली तेव्हा कुठे परत आलो, आणि तिलाही ते सांगितलं.

तिनं दुसरी चिप जागी केली होती. पडद्याच्या कोपऱ्यात, सेकंदाला किती चित्रं दिसतात त्याचा आकडा असतो. तो बघता बघता दुपटीजवळ गेला. रेवानं टाळ्याच वाजवल्या आणि अक्काला खुर्चीत बसवलं.

अक्का ओढ्यापर्यंत पोहोचली असेल नसेल... "बाळू, धर रं मला! गरगरतंय समदं!"

पाणी दिलं, पाठीवर हात फिरवला. जरा सावरल्यावर म्हणाली, "पोरी, तुज्या वाटंला खड्डे लई गं." आम्ही हसलो. पण लगेच तिनं पडद्याकडे पाठ केली. "ऱ्हाऊ दे आता. न्हाई माज्या नशिबात ती वाट."

रेवाचा चेहरा पडला. "आकडा एवढा चांगला आहे, मग बिघडतंय कुठे?"

मला आकड्यातलं काही कळत नाही. मी नुसता त्या बाईची चाल बघत बसलो आणि शाळेतल्या सवयीनं टेबलावर बोटं वाजवत राहिलो... लघु, गुरू, लघु, गुरू. एक चित्र झटकन, पुढचं रेंगाळून. मात्रा मोजाव्या तर पुऱ्या, पण चाल लंगडी.

"रेवा, खिडकीकडची रांग घाई करतेय बघ," मी म्हटलं. "तिची ओळ संपते न संपते तोच पुढची अंगावर येते, आणि मग मध्ये मोठी पोकळी."

तिनं पडद्याकडे नीट बघितलं. मग कपाळावर हात मारून हसली. "याला मायक्रोस्टटर म्हणतात, आजोबा. वाचलं होतं मी, पण त्या आकड्यावरच भाळले!"

आधी तिनं एक चिप बंद करून पाहिली. चाल सरळ झाली, पण खाचरं आली की सगळं रुतायचं. मग दोन्ही चालू ठेवून ठेकाच बांधून दिला. जिचं चित्र आधी होईल तिनं थांबायचं, ठरल्या वेळीच दाखवायचं. आकडा बराच खाली आला... आणि बाई कशी संथ चालू लागली!

अक्काला पुन्हा बसवणं मात्र सोपं नव्हतं. "लहानपणापासनं मला फशी पाडतोयस तू," असं मला ऐकवूनच ती बसली.

ओढा गेला. खाचरं गेली. माझं लक्ष पडद्यापेक्षा अक्काच्या चेहऱ्यावर... पण ती चालतच राहिली. एका बांधाशी पुटपुटली, "हितलं गवत कुनी कापलं न्हाई वाटतं." आणि उतार चढून खळ्याच्या कडेला थांबली.

तिथं तिनं बटणावरचं बोट उचललं. गुडघ्यावर हात ठेवून हळूच वाकली आणि पायातल्या, डॉक्टरांनी घरात घालायला सांगितलेल्या मऊ चपला काढून बाजूला सरकवल्या. खळ्यात चपला घालून जात नाहीत आमच्याकडे.

मग पडद्यावरच्या बाईकडे बोट दाखवून म्हणाली, "हिच्या पायातलं बी काड की गं... अशी कशी न्यायची आत?"

रेवा हसली नाही. तिनं कीबोर्ड ओढून घेतला आणि बराच वेळ खटखट करत बसली. गेम पुन्हा चालू केला तेव्हा पडद्यावरची बाई अनवाणी होती... अक्का खळ्यात गेली.

या पोरीचे आभार मानायचे होते. मग आत जाऊन सगळ्यांसाठी चहा टाकला.