मूळ गाव : लबासा, फिजी

इंग्लंडातील समस्त स्लाऊकर मराठी बांधवांस जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, आमच्या मंडळाच्या सभासद-यादीत एक रकाना रिकामा राहण्याचा घोर प्रसंग ओढवला होता.

यादी माझ्याकडे. नाव, पत्ता, फोन आणि मूळ गाव. शेवटचा रकाना माझी खास भर. त्याशिवाय माणूस मला पुरता दिसतच नाही.

समोर साठीच्या एक मावशी, शेजारी त्यांची नागपूरची सून. गणपतीत मंडळाच्या स्वयंपाकघरात फक्त सभासदांना प्रवेश, आणि मावशींना तिथे मोदक वळायचे होते. महिनाभर घरी पाऱ्या करण्याचा सराव झाला होता. फॉर्म घेण्याचा तो शेवटचा दिवस.

"मूळ गाव?" मी हिंदीत विचारलं. मावशी फिजीच्या, त्यांना मराठी येत नाही, हे सुनेने आदल्या दिवशीच फोनवर सांगितलं होतं.

"लबासा. फिजी."

"ते झालं हो. त्याआधी?"

"त्याआधीही लबासाच. आजीसुद्धा तिथलीच."

"आणि तिच्याआधी?"

"आजोबांचे आजोबा कलकत्त्याहून बोटीत बसले, ऊस तोडायला. गाव कुणालाच ठाऊक नाही."

एखादा शहाणा इथे थांबला असता. मी खुर्ची सारून उभा राहिलो. फिजीत भारतीय वंशाचे लोक एके काळी मूळ रहिवाशांपेक्षा जास्त कसे होते, मग ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला जाऊन जाऊन कमी कसे झाले, हे सकाळी ट्रेनमध्ये फोनवर वाचलेलं सगळं ज्ञान मी हातवाऱ्यांसकट मावशींनाच ऐकवलं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बरोबर आहे. त्या जाणाऱ्यांत माझे तीन भाऊ होते. मी शाळेत शिकवायचे, शिरगणतीला घरोघर फिरायचे. पण एवढं कुणाला छळलं नाही."

"दादा, लिहा ना लबासा," सून म्हणाली. "मागे रांग लागलीय."

"नियम म्हणजे नियम," असं म्हणून (नियम अर्थातच माझा) मी फॉर्मवर 'अपूर्ण' लिहायला पेन टेकवलं.

पुढच्याच मिनिटाला त्या रकान्यात 'लबासा' लिहून, खाली सही ठोकून, मी मावशींना मोदकांच्या नावनोंदणीच्या टेबलाकडे पाठवलं. माझं मन वगैरे द्रवलं नव्हतं. पलीकडे चहाचे कप मांडणारी आमची बायको हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली होती:

"अहो, तुम्ही स्वतःच्या मूळ गावी जन्मात एकदा गेलात, तेही एसटीत झोप लागली म्हणून!"