आकडसासूबाईंची मोटारसायकल

माझ्या आकडसासूबाईंनी नवरा पसंत केला तो पोह्यांची बशी रिकामी व्हायच्या आत. मोटारसायकल पसंत करायला मात्र त्यांना एक अख्खा पावसाळा, एक कापूसवेचणी आणि अर्धा उन्हाळा लागला. आणि दोन्ही ठिकाणी आपण वेळ अगदी योग्य तेवढाच घालवला, असं त्यांचं ठाम मत होतं. "नवरा घरी बसते, जवाईबापू," त्या म्हणायच्या, "गाडीवर तर रोज मलेच बसा लागते." नवरा, म्हणजे माझे साडू, बहुतेक वेळा समोरच पेपर वाचत असायचे. ते मुकाट्याने पान उलटायचे.

आकडसासू म्हणजे बायकोची थोरली बहीण. आमच्याकडं या नात्याला मोठा मान, आणि जावयाने तिच्यापुढं जपून बोलावं अशी रीत. माझ्यावर ती पाळायची वेळच आली नाही, कारण त्यांच्यापुढं मला बोलायला कधी मिळालंच नाही. बाई उंच, दणकट, आणि हसायला लागल्या की वळचणीची कबुतरं उडून पलीकडच्या आळीत जायची. राहायच्या पांढरकवड्याला आणि नोकरी केळापूरच्याही पुढं, एका उपकेंद्रावर नर्स म्हणून. हाताखाली पाच-सहा गावं आणि कोलाम आदिवासींचे दोन पोड, म्हणजे वस्त्या. सगळा मुलूख त्यांना सिस्टरबाई म्हणायचा. लहान पोराला सुई टोचायची असली की त्या आधी स्वतःच मोठ्यानं भोकाड पसरायच्या. पोरगं चकित होऊन आ वासायचं, तेवढ्यात काम झालेलं असायचं. एकदा पायात काटा मोडून आलेल्या एका म्हाताऱ्यावर त्यांनी हाच प्रयोग केला, तर म्हातारबुवा आपला पाय विसरून यांचीच समजूत काढायला लागले. "रडू नको वं माय, होते बरं," असं म्हणत त्यांनी बाईंच्या डोक्यावरून हात फिरवला म्हणतात.

या सगळ्या फिरतीला त्यांच्याकडं एक जुनी मोपेड होती. चढ आला की ती धापा टाकायची, मग बाई खाली उतरून तिला ढकलायच्या आणि ढकलता ढकलता पोटच्या लेकीला रागवावं तशा रागवायच्या. एका मृगाच्या पावसात तिनं नाल्यात बसकण मारली ती कायमची. साडूंनी हळूच स्कूटीचं सुचवलं. मी यवतमाळहून रविवारी गेलेलो, मीही सुशिक्षित सल्ला दिला, की रोजच्या जाण्यायेण्याला साधी, कमी पेट्रोल पिणारी, दूधवाले वापरतात तसली गाडी बरी.

बाईंनी माझ्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं. "मले मोटारसायकल पाह्यजे. गिअरची. लसीचा डबा घेऊन घाट चढली पाह्यजे, काळ्या मातीत फसली नाही पाह्यजे, आन तिच्यावर बसलं का हसू आलं पाह्यजे."

"हसू?" मी विचारलं. "हसू कशाला?"

"तुमी यवतमाळात राह्यता," त्या म्हणाल्या, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. "तिकडं गावात येऊन पाहा जरा. बाया बोलून नाही राह्यल्या. लेकरू झालं तरी घरात कोणी पेढ्याचं नाव काढत नाही. अशा गावात मी रडकी गाडी घेऊन कायले जाऊ?"

ती वर्षं कापसाची वाईट वर्षं होती. पाऊस, बोंडअळी आणि भाव, तिघंही एकाच घराच्या मागं लागावेत तशी. बाजारच्या दिवशीसुद्धा चहाच्या टपऱ्यांवर माणसं नुसती बसलेली दिसत. बाईंनी त्याविषयी आमच्याशी याहून जास्त कधी चर्चा केली नाही. त्या गाडी शोधायला लागल्या.

शोधायला लागल्या म्हणजे दिसेल त्या गाडीवर बसायला लागल्या. दवाखान्यात कोणी साहेब तपासणीला आले की साहेब आत रजिस्टर बघायचे आणि बाई बाहेर साहेबांच्या गाडीची तपासणी करायच्या. कुणाकडं पाहुणा आला की त्याला पाण्याआधी गाडीची किल्ली मागितली जायची. घाटंजीच्या एका लग्नात तर कहरच झाला. घोड्यावरून उतरलेला नवरदेव मांडवात उभा, मंगलाष्टकं सुरू व्हायची, आणि नवरदेवाचा मामा गायब झालेल्या आपल्या गाडीपायी सगळ्या मांडवात बोंबलत फिरतोय. एवढ्यात धुळीचा लोट उडवत, जरीचा पदर कमरेला खोचून, आमच्या आकडसासूबाई विरुद्ध दिशेनं आल्या. उतरून मामांच्या हातात किल्ली दिली आणि सगळ्या वऱ्हाडाच्या देखत निकाल सांगितला, "ताकद चांगली हाये भाऊ, पण स्वभाव कुचका हाये. दुसऱ्या गिअरमध्ये तोंड पाडते." मामा गाडीचा अपमान गिळून अक्षता टाकायला गेले.

मग ती प्रत्येक गाडी सलीम मिस्त्रींच्या गॅरेजपर्यंत चर्चेला जायची. सलीमभाई पांढरकवड्यातले जुने मेकॅनिक. सुरुवातीला त्यांनी हौसेनं सल्ले दिले. नंतर बाई कोपऱ्यावर दिसल्या की ते उघड्या इंजिनात डोकं घालून बसायला लागले. शेवटी एक दिवस पाना खाली टाकून त्यांनी हात जोडले. "दीदी, गाडी लेना है, दामाद नहीं!"

"दामाद असता तर कवाच पसंत केला असता, सलीमभाई," बाई म्हणाल्या. "तो बिघडला तर पोरगी पाहून घेते. गाडी बिघडली तर मलेच ढकला लागते ना!"

पांढरकवड्यातल्या शोरूममध्ये शेवटी दोन गाड्यांवर गोष्ट येऊन थांबली. एक शहाणी, काळी, दूधवाल्यांची. दुसरी लाल, मोठ्या इंजिनाची, नुसती उभी असली तरी निघाल्यासारखी दिसणारी. टाय लावलेला विक्रेता, माझ्याच वयाचा गृहस्थ, त्याने आधी प्रथेप्रमाणे एक गुलाबी स्कूटी दाखवून पाहिली. बाईंनी तिच्या सीटवर आपली पर्स ठेवली आणि लाल गाडी बाहेर काढायला सांगितली. चालवून पाहायची तर विक्रेत्यानं मागं बसायचं, असा नियम. "फक्त चौकापर्यंत हं मॅडम," तो म्हणाला. त्याचं हे वाक्य पूर्ण होताना चौक मागं गेला होता. मी माझ्या स्कूटरवरून पाठलाग करत होतो. मला पुढं फक्त धूळ दिसत होती आणि त्या धुळीत खांद्यावरून मागं उडणारा एक निळा टाय.

बाईंनी गाडी थेट आपल्या गावांपैकी एका गावात नेली. मारुतीच्या पारापुढं नेऊन थांबवली, आणि आपण आलो हे कळावं म्हणून हॉर्न दाबला. तो हॉर्न अडकला. बटण सोडलं तरी थांबेना. असा काही भोंगा सुरू झाला की कोंबड्या छपरावर चढल्या, बांधलेला गोऱ्हा खुंटा उपटून निघाला, कुत्री आधी भुंकली आणि मग हरून गप्प बसली. विक्रेता "एक मिनिट, एक मिनिट" करत हँडलखाली डोकं घालून वायरी ओढायला लागला. एक वायर ओढली तर हॉर्न चालूच आणि वर डावा दिवाही लुकलुकायला लागला. शेवटी त्याचा टाय चाकाच्या तारांमध्ये गुंतला आणि तो गाडीला वाकून नमस्कार करतो आहे अशा अवस्थेत अडकून पडला. गोळा झालेल्या गावाला बाई हात करून ओरडून सांगत होत्या, "नवी गाडी हाये, बोलून राह्यली तुमच्याशी!"

पाराशेजारच्या घराच्या ओट्यावर एक पोरसवदा बाई तान्हं मूल मांडीवर घेऊन बसली होती. सुनंदा तिचं नाव. बाळंत झाल्यापासून ती कोणाशी बोलत नव्हती, नीट जेवत नव्हती. बाई दर फेरीला तिच्याजवळ बसून यायच्या, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी फक्त एवढंच पाहिलं, की तिनं टायवाल्याकडं पाहिलं, पदर तोंडाला लावला, आणि मग पदरातून हसू फुटलं. खांदे हलायला लागले. मांडीवरचं मूल दचकून तिच्या तोंडाकडं बघायला लागलं. ओट्यावर उभ्या तिच्या सासूनं एकदम चुलीकडं धाव घेतली आणि भाकर कुस्करून दूध घातलेली वाटी तिच्या हातात दिली. हसता हसता सुनंदानं ती संपवली.

आकडसासूबाई हॉर्नच्या त्या कल्लोळात तिच्याकडं बघत उभ्या होत्या. वाटी रिकामी झाल्यावरच त्यांनी वाकून विक्रेत्याचा टाय सोडवला.

परत आल्यावर विक्रेता घाम पुसत म्हणाला, "मॅडम, सॉरी. हा पीस खराब आहे. गोदामातून दुसरा काढून देतो."

"हात नको लावू तिले," बाई म्हणाल्या. "हेच घेतो."

पुढं सलीमभाईंनी हॉर्न दुरुस्त केला आणि काळ्या मातीसाठी पुढचं मडगार्ड वर उचलून दिलं. त्या लाल गाडीनं मग नोकरी संपेपर्यंत बाईंची सगळी गावं पालथी घातली. लसीचा डबा तर तिनं नेलाच. शिवाय अडलेल्या बाया, ताप आलेली पोरं, शाळेचे फळे, एकदा वरातीतला एक बँडवाला त्याच्या ढोलासकट, आणि पोळ्याच्या दिवशी एका घराचे राहिलेले मातीचे बैल. सुनंदाचं ते मूल पहिल्यांदा शाळेत गेलं तेही तिच्याच टाकीवर बसून.

निवृत्त झाल्यावर बाई पुसदला मुलाकडं गेल्या. साडू आता नाहीत. मागच्या दिवाळीत मी गेलो तेव्हा गुडघे धरून त्या गॅलरीत बसल्या होत्या, खालची रहदारी बघत. चहा झाल्यावर म्हणाल्या, "जवाईबापू, चक्कर मारून आणता का मले?"

मी माझ्या मोटारसायकलची किल्ली त्यांच्यापुढं केली. त्यांनी नको म्हणून मान हलवली. खाली आल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच गाडीच्या मागच्या सीटवर एका बाजूला पाय सोडून बसल्या. मागं भार असा जाणवलाच नाही. बाजारातून निघालो, दिवे लागायला लागले होते, समोरची गर्दी पांगलेली पाहून मी जरा वेग वाढवला.

"हळू चालवा ना, बापा," मागून आवाज आला. "घाई कायची हाये?"

मी पहिल्या गिअरवर आलो. मग आम्ही तसेच, चालणाऱ्या माणसांच्याही मागं राहत, अख्खं पुसद फिरलो.